मावशींचं स्टूल

पुरुषांच्या वॉर्डात एक लोखंडी स्टूल होतं. त्याचा एक पाय किंचित आखूड होता, त्यामुळे खाली ठेवलं की आधी खट्ट वाजायचं आणि मग टेकायचं. एरवी अशा स्टुलाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण त्या वॉर्डात अशी वेळ आली होती की ते खट्ट ऐकू आलं की गप्पा थांबायच्या. डुलकी लागलेला माणूससुद्धा डोळे न उघडता कानोसा घ्यायचा, की आवाज आपल्या खाटेजवळून आला का पलीकडून.

ते स्टूल उचलून नेणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. चादरी बदलणं, भांडं देणं, अंग पुसणं ही त्यांची कामं. अंगाने जाड, चालायला जड आणि बोलायला तिखट. "मावशी, उशी टोचते," म्हटलं की "मग काय मांडी देऊ?" असं उत्तर यायचं, आणि पाठोपाठ दुसरी उशीही यायची.

याखेरीज त्यांच्याकडे आणखी एक काम होतं. सकाळची फेरी झाली की डॉक्टर बाहेर कॉरिडॉरमध्ये मोठ्या सिस्टरांशी हळू आवाजात दोन शब्द बोलत. अमक्याचं आता काही खरं नाही, आजचा दिवस निघेलसं वाटत नाही. मोठ्या सिस्टर आत येऊन मावशींना खाट दाखवत आणि एवढंच म्हणत, "जरा बसा त्यांच्याजवळ." मावशी स्टूल उचलत. कापसाच्या बोळ्याने त्या माणसाचे ओठ ओले करत, विस्कटलेले केस सारखे करत, हात हातात घेऊन खिडकीबाहेर काय चाललंय ते सांगत बसत. नातेवाईक धावतपळत आले की स्टूल त्यांना देऊन उठत. पुष्कळांचं कोणी यायचंच नाही. मग मावशी शेवटपर्यंत बसत.

मोठ्या सिस्टरांनी या कामाला त्यांनाच का निवडलं, तर मावशींचा हात थरथरत नसे. एवढं साधं कारण होतं.

घरी त्यांचा नवरा विचारायचा, "आज कोणाजवळ बसलीस?" तो रंगारी होता. लोकांची घरं रंगवून रंगवून त्याच्या नखांच्या कडांना कायमचे रंग बसले होते आणि छातीत खोकला बसला होता. मावशी सांगायच्या, तो ऐकायचा. एकदा म्हणाला, "चांगलं काम आहे गं. कोणी एकटं जाऊ नये. माझ्या वेळेला पण तूच बस."

"काहीतरीच काय बोलता!"

"नाही, खरंच. आणि बसलीस की तिथल्यासारखी गोड बोलू नकोस. भांड माझ्याशी. तुला गोड बोलताना ऐकलं तर मी आधीच दचकून जाईन."

मावशींनी त्याला उशी फेकून मारली. पण पुढे म्हणाल्या, "बसेन." हे सांगून ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं या एका शब्दापाशी येऊन अडतं.

तर वॉर्डात त्या सुमारास घड्याळवाले आले. म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ. जिन्यावरून घसरून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मग पायाला वजनं टांगून त्यांना आठवडेच्या आठवडे उताणं झोपवलं. डोळ्याला भिंग लावून कोणतं चाक कोणाला फिरवतं हे बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला आता बघायला वॉर्डाशिवाय काही नव्हतं. माणूस वाईट नव्हता. पण रिकामा होता आणि हुशार होता, आणि हे दोन्ही एका खाटेवर आलं की काहीतरी निघतंच.

एके दिवशी ते शेजारच्या दमेकऱ्याला म्हणाले, "एक लक्षात आलं का तुमच्या? त्या बाई स्टूल घेऊन ज्याच्याजवळ बसतात ना, तो संपतो."

दमेकरी हसला. घड्याळवाले हसले नाहीत. "मी आल्यापासून बघतोय. एकही चुकलेला नाही."

आता त्यांनी बघितलं होतं ते खरंच होतं. फक्त कॉरिडॉर त्यांच्या खाटेवरून दिसत नव्हता. तिथलं बोलणं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून तर ते तिथे होत होतं. आणि 'एकही चुकलेला नाही' हे तर साफच चुकीचं होतं. ऑपरेशननंतर घड्याळवाले तापात बडबडत असताना सिस्टरांनी मावशींना अख्खी दुपार त्यांच्या उशाशी बसवलं होतं. ते जिवंत होते. पण त्या दुपारी ते शुद्धीवर नव्हते, तेव्हा ही गोष्ट त्यांच्या हिशेबात आलीच नाही. जे आपण पाहिलं नाही ते घडलंच नाही, असं आपलं सगळ्यांचंच असतं.

बोलणं खाटेवरून खाटेवर गेलं. भेटायला येणाऱ्यांबरोबर ते जिन्यावर गेलं, जिन्यावरून फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे. नवीन रोगी दाखल झाला की त्याला पंख्याचं बटण कुठे आणि संडास कुठे याबरोबर हेही सांगितलं जाऊ लागलं. अपेंडिक्स काढलेला एक तगडा तरुण दुसऱ्या दिवशी घरी जायचा होता. मावशी त्याची नखं कापायला म्हणून स्टूल घेऊन बसल्या, तर तो टाक्यांसकट उठून पळाला. सगळा वॉर्ड हसला. मावशीही हसल्या. पण नखं कापायची कात्री खिशात ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की मघापासून आपल्याकडे कोणी पाणी मागितलेलं नाही. घड्याळवाल्यांचा तांब्या रिकामा होता. त्यांनी तो भरून पुढे केला, तर घड्याळवाले भिंतीकडे बघत म्हणाले, "राहू द्या. सिस्टर देतील."

'पांढऱ्या पायाची' हा शब्द त्यांनी पाठीमागे ऐकला तेव्हा त्या चवताळल्या. "पाय बघायचेत का माझे? ये, बघ! भेगांनी काळे झालेत तुमची घाण काढून काढून!" तोवर त्यांच्या मनात काही नव्हतं, नुसता राग होता. राग होता तोवर बरं होतं.

मग टेम्पोवाला आला. अपघातात डोक्याला मार बसलेला, विशीतला पोरगा. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये नेहमीसारखं बोलले, सिस्टरांनी नेहमीसारखं सांगितलं, मावशी स्टूल घेऊन गेल्या. खट्ट. पायथ्याशी त्याची आई बसली होती. तिच्या कानावर सगळं आलं होतं. ती उठली, तिने ते स्टूल उचललं आणि वॉर्डाच्या दाराबाहेर भिरकावलं. "माझ्या लेकराजवळ यायचं नाही! हात लावशील तर हात तोडून ठेवीन!"

मावशी दारात उभ्या राहिल्या. भांडायला येणाऱ्या बाईला त्यांनी दोन दिल्या असत्या, पण ही बाई भांडत नव्हती, थरथरत होती. मावशी निघून गेल्या.

आणि टेम्पोवाला वाचला.

तिसऱ्या आठवड्यात तो आईच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःच्या पायांनी बाहेर पडला. वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. घड्याळवाल्यांनी दमेकऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मावशी मोठ्या सिस्टरांकडे गेल्या.

"सिस्टर, तो कसा वाचला?"

"डॉक्टरांचा अंदाज चुकला. चुकतो कधीकधी. तरुण रक्त होतं."

"मी बसले असते तर?"

"तर तुम्ही बसलेल्या असताना वाचला असता." सिस्टरांच्या हातात इंजेक्शनचा ट्रे होता, आणि पलीकडे कोणीतरी ओरडत होतं. "मावशी, मी पाठवते म्हणून तुम्ही जाता. हा खुळेपणा तुम्ही तरी डोक्यात घेऊ नका."

सिस्टर घाईत होत्या. बसून, हात धरून, नीट समजावून सांगायला हवं होतं, पण एवढी उघड गोष्ट समजावायची काय, असं त्यांना वाटलं. मावशींच्या डोक्यात मात्र तो किडा वळवळू लागला होता. सासूबाई कोणाच्या मांडीवर गेल्या? माझ्या. आई? माझाच हात हातात होता. माणसाने एकदा असं मागे वळून शोधायला घेतलं की हवं ते सापडतंच. जे बरे होऊन घरी गेले, लग्नाला बोलावून गेले, त्यातला एकही चेहरा त्यांना त्या वेळी आठवला नाही. त्यांनी खाली धुलाईखात्यात काम मागून घेतलं. तिथे माणसं नव्हती, नुसत्या चादरी.

नवऱ्याने ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. "वेडी झालीस का गं? कोणाच्या नादाला लागतेस?" आणि मग बराच वेळ खोकत राहिला.

तो खोकला या खेपेला गेला नाही. मावशींनी घरी त्याची शुश्रूषा केली, उशाशी बसून काढे दिले, छाती शेकली. दिवसागणिक तो खाली खालीच जात होता. एका सकाळी ओठ निळसर दिसले आणि लेकीने रिक्षा आणली. त्याला दाखल केलं ते त्याच वॉर्डात. दुसरा पुरुषांचा वॉर्डच नव्हता.

दारापाशी मावशी थांबल्या.

"चल ना आई," लेक म्हणाली.

"तू जा आत. तू बस त्यांच्याजवळ."

"आणि तू?"

"मी घरी एवढे दिवस उशाशी बसले म्हणूनच हे वाढलं. मी आत येणार नाही." मावशी जिना उतरून खाली गेल्या आणि वाफेने भरलेल्या त्या खोलीत जाऊन चादरी मोजून मशीनमध्ये टाकू लागल्या. हात चालत होते. जीव वरच्या मजल्यावर होता.

दोन दिवसांत रंगाऱ्याचा ताप उतरला. नवीन औषध लागू पडलं होतं, हे सिस्टरांनी लेकीला सांगितलं आणि लेकीने आईला सांगितलं. मावशींनी ऐकलं ते एवढंच, की मी गेले नाही आणि ताप उतरला. कित्येक दिवसांनी त्या पोटभर जेवल्या. "बघ," त्या लेकीला म्हणाल्या, "बघ, सांगत नव्हते मी?"

"बाबा तुला विचारतायत. रोज विचारतात."

"सांग त्यांना, घरी आले की काय भांडायचं ते भांडू."

वॉर्डातल्या चादरी खाली आल्या की मावशी गठ्ठा उपसून नवऱ्याची चादर शोधायच्या. ती ओळखायला अवघड नव्हती. उशाकडच्या बाजूला खोकल्याचे डाग असायचे. तेवढी एक चादर त्या मशीनमध्ये टाकत नसत. हाताने धुवायच्या, साबण लावून, डागावर अंगठा घासत. संसाराची तेवढीच बाजू आता त्यांच्या वाट्याला उरली होती. डाग फिका दिसला की त्या दिवशी चेहरा उजळायचा.

पण माणूस आहे. एका दुपारी राहवलं नाही. धुतलेल्या चादरींची चळत पोचवायचं निमित्त करून त्या वर गेल्या आणि दाराच्या काचेतून आत डोकावल्या. तो उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, पण बसला होता. घड्याळवाल्यांशी काहीतरी बोलत होता. मावशींना रडूच आलं. तेवढ्यात त्याने मान वळवली. काचेतून नजरानजर झाली. त्याने हात वर केला. ये, असा. मावशी मागच्या मागे वळल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास पुन्हा अडकायला लागला.

छातीत पाणी साचत होतं. एक्स-रेच्या फोटोत ते आधीच दिसलं होतं. पण मावशींना फोटो कोण दाखवणार, आणि दाखवला तरी त्यांना काचेपलीकडचा तो वर झालेला हातच दिसला असता. आपण डोकावलो, आपली नजर पडली. त्यांनी धुलाईखात्याच्या भिंतीवर डोकं आपटलं, आणि मग स्वतःला बजावलं, की आता काही झालं तरी त्या मजल्यावर पाऊल टाकायचं नाही.

लेक येऊन रडली, मग भांडली. "तू इथे बसून परक्यांच्या चादरी धुतेस आणि तिथे ते दाराकडे बघत पडलेत! लाज वाटत नाही तुला?"

"ओरड. मार मला. पण ते जगू देत."

"ते म्हणतात, लोकांचं ऐकू नकोस, ये."

"त्यांना काय कळतंय!" मावशी म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून नवऱ्याबद्दल निघालेलं शेवटचं वाक्य, तो जिवंत असतानाचं.

त्यानंतरच्या सकाळी मोठ्या सिस्टरांचा निरोप आला. मावशींना लगेच वर पाठवा. मावशींना या निरोपाचा अर्थ कळायला हवा होता. इतकी वर्षं हाच निरोप त्यांनी ऐकला होता, याच शब्दांत नसेल, पण हाच. बहुतेक तो कळलाही. म्हणून तर त्यांनी दोन्ही हातांनी मशीनची कड घट्ट धरली आणि निरोप घेऊन आलेल्या वॉर्डबॉयला म्हणाल्या, "सांग, मी कामावर आले नाही आज."

दुपारी वरचा गठ्ठा आला. मावशींनी तो सवयीने उपसला. डाग पडलेली चादर सापडली. तिच्याखाली उशीचा अभ्रा होता, आणि त्याखाली गादीची खोळ. खोळ रोज येत नाही. खाट रिकामी झाली की येते. माणूस घरी गेला की येते, नाहीतर... क्षणभर मावशींना वाटलं, सोडलं असेल घरी. खरंच वाटलं. ती खोळ छातीशी धरून त्या हसल्यासुद्धा. मग ती खोळ खाली पडली, आणि तशाच, ओल्या हातांनी, भिंतीला धरून धरून त्या जिना चढल्या.

वॉर्डातल्या त्याच्या खाटेवर उघडी गादी होती. त्याला खाली नेलं होतं, लेक त्याच्याबरोबर गेली होती. खाटेला टेकून स्टूल ठेवलेलं होतं.

"सकाळी फेरीनंतर मीच ठेवलं ते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते. "तुमच्यासाठी. कोणाला बसू दिलं नाही त्यांनी त्याच्यावर. मुलगीसुद्धा उभीच होती. म्हणाले, ती येईल."

मावशी खाटेकडे बघत राहिल्या. मग शेजारून आवाज आला. घड्याळवाले. पायाची वजनं काढली होती, ते कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होते.

"मला तुम्हाला काही सांगायचंय, बाई." "काल ते मला म्हणाले, तुमचं बोलणं तिच्या डोक्यात बसलंय, तेव्हा तुम्हीच तिला निरोप धाडा, तुमचं ती ऐकेल. मी म्हटलं, अहो, तुमच्याच भल्यासाठी ती येत नाही. तर हसले. एवढा दम लागलेला, तरी हसले. मला म्हणाले, घड्याळवाले, तुमच्या घड्याळात टोले पडतात म्हणून बारा वाजतात, की बारा वाजतात म्हणून टोले पडतात?"

मावशींनी ओले हात पुसले.

"म्हणाले, ती बसते म्हणून माणूस जात नाही. माणूस निघाला की ती बसते. मी निघालोय. तिला सांगा, बस आता." घड्याळवाल्यांनी तोंड फिरवलं. "मी निरोप दिला नाही. मला वाटलं, मी त्यांना वाचवतोय."

मावशींच्या मनात आलं, याचा गळा धरावा. हात पुढे झालेही. पण मग त्यांना दिसलं की हा माणूस चुकला तो उताणा पडून, पायाला वजनं टांगलेली असताना. आपल्याला तर दोन पाय होते. कॉरिडॉरमध्ये आपण उभ्या असायचो. सिस्टरांचा शब्द आपल्या कानांनी ऐकायचो. सगळ्या वॉर्डात खरं काय ते ठाऊक असलेली आपण एकटी होतो, आणि नेमकं आपणच ते टाकून दिलं.

त्या स्टुलाजवळ गेल्या. ते थोडं पुढे ओढलं. खट्ट वाजलं. वॉर्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणी हललं नाही.

मावशी बसल्या. उघड्या गादीवर, त्याचा हात जिथे असता तिथे, त्यांनी आपला हात ठेवला. गादी अजून कोमट होती की आपलाच हात गरम आहे, ते त्यांना समजेना.

"अहो," त्या म्हणाल्या. भांडायचं कबूल केलं होतं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण भांडायला शब्द येईना.